‘तापट’ म्हणून सोडून दिलेलें दुखणें

मोठ्या घरांत एखादें माणूस ‘तापट’ म्हणून ठरलेलें असतें. त्याच्या वाटेस कोणी जाऊं नये, त्याच्याशीं शब्द जपून बोलावा, आणि त्याचें बिनसलें म्हणजे दार लोटून घेऊन आपापल्या कामास लागावें, असा अलिखित दंडक घरोघर चालत आलेला आहे. आमच्या घरांत हें स्थान माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या वांट्यास आलें, तेव्हां ती पंधरा वर्षांची होती. पुढें चार वर्षें आम्हीं सर्वांनीं, आणि विशेषेंकरून मीं, तिच्या दुखण्यास स्वभाव समजून त्याच्याशीं भांडण मांडलें. तीस-बत्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें; विद्यार्थ्यानें विभक्ति कोठें चुकविली हें कागदावर नजर टाकतांच मला कळे. घरांतल्या मुलीचें काय दुखतें आहे हें मात्र कळलें नाहीं. आमच्यासारखीं घरें पुष्कळ असतील असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

छापावयास देण्यापूर्वीं तो मीं तिला वाचून दाखविला. दोन ठिकाणीं तिनें काट मारली. एके ठिकाणीं, “काका, इथें तुम्हीं स्वतःला सांभाळून घेतलें आहे,” असें म्हणून मीं गाळलेला शब्द परत घालावयास लावला. तो शब्द पुढें येईल. नांव मात्र नको, असें तिचें म्हणणें पडलें.

आमचें घर देवळाली प्रवरेस. तिघे भाऊ, तिघांचे संसार, चूल एक, आणि सर्वांवर आमची आई. मुलगी हुशार, वर्गांत पहिल्या पांचांत असे. तिला एखादी मैत्रीण मिळाली कीं ती मैत्रीण म्हणजे सर्वस्व. डब्यांतली अर्धी पोळी तिची, सुटीचा सारा दिवस तिचा. मग एखाद्या दिवशीं ती मैत्रीण दुसरीबरोबर शाळेंतून घरीं गेली, एवढ्याच कारणावरून ती विश्वासघातकी ठरे. वहीवरचें तिचें नांव खरवडून टाकलें जाई, आणि त्या रात्रीं जेवण नाहीं. हातांत मोबाईल आल्यावर ह्या प्रकारास अधिकच धार आली. निरोप पोहोंचल्याची खूण दिसते आहे, पण उत्तर येत नाहीं, एवढ्यावर दहा मिनिटांत हिचा चेहरा राखेसारखा होई. घरांतही तीच तऱ्हा. आज आजी म्हणजे देव आणि आई म्हणजे वैरीण. आठ दिवसांनीं उलट. राग आला म्हणजे कपबशी फुटे, आणि तासाभरानें तीच मुलगी ओक्साबोक्शीं रडत तुकडे गोळा करी व सर्वांच्या पायां पडे. कधीं कधीं ती म्हणे, “काका, मला आंत कांहींच वाटत नाहीं. सगळें पोकळ आहे.” अशा वेळीं मी तिला गीतेचा दुसरा अध्याय समजावून सांगत असें. स्थितप्रज्ञाचीं लक्षणें मला तोंडपाठ होतीं, आणि तीं ऐकवण्याची मला फार हौस होती.

वैशाखांतल्या उन्हांत ती लांब बाह्यांचे कपडे घालूं लागली, तें प्रथम तिच्या आईच्या लक्षांत आलें. हातावर खुणा होत्या, तिनें स्वतः केलेल्या. आम्हीं तिला एका डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तिच्याकडे न पाहतां आम्हांस सांगितलें कीं, हें लक्ष वेधून घेण्याचें खूळ आहे, तुम्ही लक्ष देऊं नका, आपोआप थांबेल. आमच्या एका नातेवाइकानें पत्रिका पाहून मंगळाकडे बोट दाखविलें. दुसऱ्यानें अंगारा आणून दिला. ‘लग्न झालें म्हणजे सुधारेल’ असें म्हणणारे तर सर्वच होते.

२०१९ सालीं गौरीजेवणाच्या दिवशीं घरांत पंधरा-वीस पानें होतीं. दुपारपासून तिचें कोणाशीं तरी फोनवर बिनसलें होतें. पंगत बसली असतां ती स्वयंपाकघराच्या दाराशीं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मला नाहीं जगायचें.” मी वाढणें सोडून बाहेर आलों, तिला बाजूस घेतलें आणि म्हणालों, “बाहेरचीं माणसें जेवत आहेत. हीं नाटकें पुरेत.” ‘नाटकें’ हाच तो शब्द. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे चार वाजतां आम्ही तिला घेऊन इस्पितळाच्या दारांत उभे होतों. ती वांचली. तिच्या जिवाची खात्री होण्यापूर्वीं माझ्या भावानें तेथील माणसांस विचारलेला पहिला प्रश्न, पोलिसांची भानगड होईल काय, हा होता. त्याला मी दोष देत नाहीं. तो प्रश्न माझ्याही ओठांवर होता.

आजाराचें नांव कळावयास त्यानंतरही कांहीं महिने लागले. मनोविकारतज्ज्ञ बाईंनीं चार-पांच वेळां तिच्याशीं एकांतांत बोलून, नंतर आम्हां सर्वांस बोलावून तें सांगितलें: बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मराठींत कोणी सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. वैद्यकाचा मला गंध नाहीं. तेव्हां पुढें जें लिहितों तें त्यांच्याकडून समजलेलें व नंतर मिळेल तेथें वाचून पडताळलेलें आहे, असें वाचकांनीं समजावें.

नांवाविषयीं आधीं दोन शब्द लिहितों, कारण हें नांव ऐकून आमच्या घरीं प्रत्येकानें निराळी सीमा कल्पिली. वेडाच्या सीमेवर, असा अर्थ आमच्या आईनें केला आणि पदर डोळ्यांस लावला. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनीं १९३८ सालीं हा शब्द रूढ केला, तेव्हां त्याचा अर्थ सौम्य मनोविकार आणि भ्रमाचे तीव्र मनोविकार यांच्या हद्दीवर बसणारे रुग्ण, असा होता. ती समजूत पुढें टिकली नाहीं, नांव तेवढें टिकलें. १९८० मध्यें अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मान्य सूचींत हा स्वतंत्र विकार म्हणून दाखल झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ पासून लागू केलेल्या अकराव्या वर्गीकरणांत व्यक्तिमत्त्वविकारांचे जुने निरनिराळे कप्पे मोडून केवळ तीव्रता पाहावयाची असें ठरविलें. तथापि बॉर्डरलाइनचा नमुना वेगळा नोंदण्याची सोय ठेवली. ‘व्यक्तिमत्त्व’ हा शब्दही घातकच. माणूसच बिघडलेलें आहे असा त्याचा ध्वनि निघतो, आणि दुखणेंकऱ्यास तो फार लागतो. नांव ठेवावयाचें माझ्या हातीं असतें तर मीं निराळें ठेवलें असतें.

आजार आहे तो भावना आवरण्याच्या शक्तीचा. आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत पाचटानें हात ओरबाडून निघतात. अशा हातावर साधें पाणी पडलें तरी झोंबतें. दुसरा म्हणतो, पाण्यानें काय होतें? त्याचें म्हणणें त्याच्या हातापुरतें खरें असतें. ह्या माणसांचें मन तसें सोललेलें असतें. भावना लवकर पेटते, फार उंच जाते, आणि उतरावयास इतरांपेक्षां पुष्कळ वेळ घेते. ती उतरण्यापूर्वींच दुसरी ठिणगी पडली, म्हणजे पाहणाऱ्यास वाटतें कीं मुलगी चोवीस तास रागांतच असते.

सूचींत नऊ लक्षणें दिलेलीं आहेत व त्यांपैकीं पांच तरी दीर्घकाळ, निरनिराळ्या प्रसंगीं दिसावीं लागतात. आपल्याला टाकून देतील ही भीति आणि ती टाळण्यासाठीं जिवाचा आटापिटा, हें त्यांतलें पहिलें, आणि माझ्या मतें बाकीच्यांचें मूळ. मग नात्यांतले टोकाचे चढउतार, आपण कोण आहों ह्याविषयींची अस्थिरता, पैसा, खाणें, वाहन वा व्यसन यांत उतावीळपणा, स्वतःस इजा करणें किंवा आत्महत्येची भाषा व प्रयत्न, तासातासानें पालटणारी मनःस्थिति, पोकळपणा, न आवरणारा राग, आणि ताण फार वाढला म्हणजे थोडा वेळ येणारा संशय अथवा आपण आपल्यांत नाहीं असें वाटणें. एखादें-दुसरें लक्षण कोणांत नसतें? सोळाव्या वर्षीं तर निम्मीं लक्षणें सर्वच मुलांत दिसतात. म्हणून अठरा वर्षांखालील मुलांत हीं लक्षणें निदान वर्षभर टिकून राहिल्याखेरीज हें नांव देत नाहींत, आणि घरांतल्या कोणींही वाचनाच्या जोरावर तें देऊं नये. उन्माद व अवसाद आलटून पालटून येणारा जो दुसरा आजार आहे, त्याच्याशीं ह्याची गल्लत नेहमीं होते. त्यांत एक अवस्था कित्येक दिवस, आठवडे राहते; ह्यांत सकाळची अवस्था दुपारीं नसते, आणि पालटण्यास बहुधा कोणाचा तरी शब्द किंवा अबोला कारण झालेला असतो.

हें दुखणें मुलींचें, अशी समजूत आहे. इस्पितळांत मुली अधिक येतात हें खरें. परंतु समाजांत फिरून केलेल्या पाहणींत पुरुषांचें प्रमाण जवळजवळ तेवढेंच आढळलेलें आहे. शंभर माणसांत सुमारें एक ते दोन, असा एकंदर अंदाज आहे. मुलग्याचें दुखणें मारामारी, दारू आणि सुसाट मोटरसायकल ह्या रूपानें बाहेर पडतें, आणि आपण त्याला ‘वाया गेलेला’ म्हणून मोकळे होतों.

कारणांविषयीं आमच्या घरांत फार कडू बोलणीं झालीं. माझ्या भावजयीनें किती रात्री, माझेंच कांहीं चुकलें, म्हणून काढल्या तें तिलाच ठाऊक. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असें दिसतें कीं, ४० ते ५० टक्के वांटा उपजत घडणीचा असावा. बाकीचा वांटा परिस्थितीचा. पुष्कळ रुग्णांच्या लहानपणीं मारहाण, अत्याचार किंवा दुर्लक्ष घडलेलें असतें. पण सर्वांच्या नाहीं, आणि रुग्ण दिसला कीं आईबापांकडे बोट दाखविणें हा अन्याय आहे. मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचें म्हणणें मला सर्वांत पटलें. जन्मतः हळवें मूल आणि त्याच्या भावना खोट्या ठरविणारें घर, या दोहोंच्या घर्षणांतून हें दुखणें वाढतें. घर दुष्ट असावें लागत नाहीं. ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडायचें’ हें वाक्य प्रेमानेंही म्हणतां येतें, आणि आम्हीं तें प्रेमानेंच हजारदां म्हटलें.

ह्या लिनेहन बाईंची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९६१ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, त्यांना हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयांत ठेवावें लागलें, आणि त्या तेथें दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. स्वतःस इजा करून घेणाऱ्या त्या रुग्णांपैकींच एक. पुढें त्या शिकल्या, सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत प्राध्यापक झाल्या, आणि आत्महत्येच्या कांठावर असलेल्या रुग्णांसाठीं त्यांनीं जी उपचारपद्धति बसविली तिची पहिली मोठी चाचणी १९९१ मध्यें प्रसिद्ध झाली. तिला डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी म्हणतात. आपण स्वतः त्याच वाटेनें गेलों आहों, हें त्यांनीं २०११ सालीं, त्याच रुग्णालयांत व्याख्यान देतांना, प्रथम उघडपणें सांगितलें.

पद्धतीचें मर्म असें: आहेस तशी तूं मला मान्य आहेस, आणि तुला बदलावेंही लागेल, हीं दोन्ही वाक्यें एकाच वेळीं खरीं धरावयाचीं. आठवड्यास एकदां एकट्यानें बोलणें, एकदां इतर रुग्णांबरोबर वर्ग, आणि हें बहुधा वर्षभर. वर्गांत खरोखरीच धडे असतात, म्हणून माझ्यासारख्या मास्तरास ती पद्धति आवडली: क्षणावर लक्ष ठेवण्याचा अभ्यास (हा भाग त्यांनीं झेन बौद्धांच्या ध्यानावरून घेतला), संकटाची घटका कांहीं न बिघडवितां काढणें, भावना ओळखून तिला नांव देणें, आणि मागणें किंवा नकार नातें न मोडतां सांगणें. लंडनच्या बेटमन व फोनगी यांची दुसरी एक पद्धति आहे. तींत, समोरच्याच्या मनांत काय चाललें असेल ह्याचा शांतपणें विचार करावयास शिकवितात. औषधांविषयीं आमची फार अपेक्षा होती. ह्या विकारावर म्हणून सिद्ध झालेलें एकही औषध नाहीं. सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्यापुरतें औषध देतात. ‘चांगली गोळी द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागें लागण्यांत अर्थ नाहीं, हें आम्हांस उशिरां कळलें.

चरकांत हें सर्व आहेच, असें म्हणण्याची हौस असलेले माझे मित्र आहेत. मला ती हौस नाहीं. परंतु चरकानें औषध व दैवी उपाय यांच्या बरोबरीनें सत्त्वावजय नांवाची तिसरी चिकित्सा सांगितली आहे, आणि मनाच्या बळावरून माणसांचे प्रवर, मध्य व अवर असे तीन वर्ग केले आहेत. (आमच्या नदीचें नांवही प्रवरा, पण नदीकांठीं राहिल्यानें कोणी प्रवरसत्त्व होत नाहीं, ह्याचा मी साक्षीदार आहें.) मधल्या वर्गाविषयीं तो म्हणतो कीं, अशीं माणसें दुसऱ्यांच्या आधारानें सावरतात. मुलांना हा भाग मीं शिकविला असेल. ‘दुसरे’ म्हणजे आपण, हें मनांत आलें नाहीं.

आतां घरानें काय करावें. हा भाग मी सविस्तर लिहितों, कारण आठवड्याचा एक तास डॉक्टरांचा आणि बाकीचे एकशें सदुसष्ट तास घराचे असतात.

आमच्याकडे आठ मोठीं माणसें, म्हणून आठ तऱ्हा. भाऊ गरजे, आजी गुपचूप हातावर पैसे ठेवी, मी उपदेश करीं, थोरली वहिनी चार दिवस बोलत नसे. एकानें नाहीं म्हटलेलें दुसऱ्याकडून मिळे, आणि त्यांतून घरांत दोन तट पडत. डॉक्टर बाईंनीं आम्हां सर्वांस एकत्र बसवून प्रथम हेंच बंद करावयास लाविलें. नियम थोडे असावेत, ते शांत वेळीं तिच्यासमक्ष ठरावेत, आणि आठांच्याही तोंडीं ते एकच असावेत. राग येणें मान्य. वस्तु फोडणें, हात उगारणें अमान्य. माझ्या थोरल्या भावाला शंका होती कीं ह्यानें लाड वाढतील. झालें उलट. पूर्वीं फोडलेली कपबशी कधीं गर्जनेनें तर कधीं मिठीनें संपे. आतां ती तिच्या पैशांतून नवी येते, आणि विषय तेथें मिटतो.

भावना मान्य करणें हें मला स्वतःला सर्वांत अवघड गेलें. “तुम्हां कोणालाच मी नको आहें,” असें ती म्हणाली कीं आम्ही एका सुरांत म्हणत असूं, “असें कसें बोलतेस? तुझ्यासाठीं काय कमी केलें?” वाक्य सत्य, पण तिला ऐकूं येई तें एवढेंच कीं, तुझें वाटणें खोटें आहे. आतां मी म्हणतों, “तुला फार एकटें वाटतें आहे, आणि तें जड होतें आहे असें दिसतें. मी इथेंच बसलों आहें.” ह्यांत मीं तिचें म्हणणें खरें धरलेलें नाहीं, तिचें दुःख खरें धरलें आहे. आणि मग गप्प बसावयाचें. मास्तरास गप्प बसणें किती कठीण, तें मास्तरांच्या घरच्यांस विचारावें.

भावना शिगेस पोहोंचली असतां वाद, पुरावे, मागचे दाखले कांहीं उपयोगाचे नाहींत. त्या वेळीं तोंडावर गार पाण्याचे हबके, मोकळ्यावर चालणें, हेंच बरें; थंड पाण्याचा उपाय तर तिच्या धड्यांतलाच आहे. बोलावयाचें तें दुसऱ्या दिवशीं. बाहेर जातांना, केव्हां परत येईन हें सांगून जावें आणि उशीर होणार असेल तर फोन करावा. इतरांस ही औपचारिकता वाटेल. टाकून दिलें जाण्याची भीति जिला आहे तिला तो अर्धा उपचार आहे. आणि लक्ष द्यावयाचें तें साध्या दिवशीं द्यावें. आम्ही तिच्याजवळ सर्वजण बसत असूं ते फक्त अरिष्टाच्या रात्रीं; बरी असली म्हणजे प्रत्येकजण आपापल्या कामांत. मूल ह्यावरून काय शिकेल?

आत्महत्येविषयीं मात्र मी आर्जवानें सांगतों. ‘बोलणारे करीत नाहींत’ ही म्हण खोटी आहे. जुन्या अभ्यासांत ह्या विकाराच्या शंभर रुग्णांपैकीं दहापर्यंत जणांचा अंत आत्महत्येनें झालेला आढळे. नंतरच्या अभ्यासांत हें प्रमाण बरेंच कमी आलें आहे, पण तें लहान नाहीं. हातावरच्या खुणा पुष्कळदां मरण्यासाठीं नसतात, असह्य भावना क्षणभर उतरावी म्हणून असतात. त्यांचीही थट्टा किंवा कानाडोळा करूं नये. शंका आली तर स्पष्ट विचारावें, “जीव द्यावा असें मनांत येतें आहे काय?” विचारल्यानें ती कल्पना डोक्यांत शिरत नाहीं, बहुधा ओझें हलकें होतें. होय म्हटलें तर माणसास एकटें सोडूं नये आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. शेतकरी घरांनीं फवारणीचीं औषधें, आणि सर्वच घरांनीं आजी-आजोबांच्या गोळ्या, कुलुपांत ठेवाव्यात. आमच्या कुलुपाची किल्ली थोरल्या वहिनीच्या कंबरेस असते.

पोलिसांची भीति बाळगून कोणी उपचार लांबवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमान्वयें, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरलें जातें व त्याच्यावर खटला चालत नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तर जुनें ३०९ वें कलम ठेवलेलेंच नाहीं. भारत सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य, मराठींतही बोलतां येतें. आमच्या भागास लोणीचें प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय जवळ, पुण्यास येरवड्याचें सरकारी मनोरुग्णालय, ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० मध्यें स्थापिलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ. बोलून करावयाचा उपचार मराठी माणसास परका राहिलेला नाहीं; अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धति कि. मो. फडके यांनीं आपल्या भाषेंत आणली, त्यास बराच काळ लोटला. उपचारकांस पहिल्याच भेटींत विचारावें कीं, ह्या विकाराचे रुग्ण आपण पाहतां काय. कित्येक पाहत नाहींत, आणि तसें ते प्रामाणिकपणें सांगतात.

बरें होतें काय? बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयांत मेरी झनारिनी यांनीं २९० रुग्ण वर्षानुवर्षें पाहिले. दहा वर्षांत ९३ टक्क्यांचीं लक्षणें निदान दोन वर्षें टिकेल इतकीं शमलीं. हा आकडा मीं आमच्या आईस वाचून दाखविला तेव्हां तिनें देवापुढें साखर ठेवली. दुसरा आकडा मीं तिला सांगितला नाहीं: लक्षणें शमून शिवाय नोकरी-शिक्षण व नातीं नीट चाललीं आहेत, अशांचें प्रमाण ५० टक्केच भरलें. ह्याचा अर्थ मीं असा घेतला कीं, वादळ शमण्याची वाट पाहत मुलीस घरांत बसवून ठेवूं नये. तिचें शिक्षण, तिचें काम अडखळत कां होईना, चालूं ठेवावें. लग्नाचें औषध तर मुळींच देऊं नये. ज्या मनास टाकून दिलें जाण्याची एवढी भीति, त्यास परक्या घरांत, आजार लपवून लोटणें ह्यासारखी क्रूरता नाहीं. पुढेंमागें तिनें लग्न केलें तर तें तिनें स्वतः सांगून-सवरून करावें. आमच्या नात्यांत ह्यावरून दोन घरें आमच्याशीं बोलत नाहींत. असो.

ती आतां नोकरी करते. पहिली नोकरी साहेबाशीं भांडून सुटली. दुसरी दोन वर्षें टिकली आहे. वाईट आठवडे अजून येतात. गेल्या दिवाळींत फराळाचें चाललें असतां एका मैत्रिणीचें उत्तर येईना, आणि तिचा चेहरा मला ओळखीचा दिसूं लागला. मी कांहीं बोलणार तोंच ती उठून ओट्यावर गेली. तोंड धुतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ ती नुसती अंगणांत फेऱ्या घालीत होती. आम्ही आठही माणसें करंज्यांकडे पाहत होतों. अर्ध्या तासानें ती आंत आली. “तिला विचारलें. फोनची बॅटरी उतरली होती म्हणे,” असें सांगून तिनें आईच्या हातचें लाटणें घेतलें, आणि माझ्या करंज्यांच्या कडा नीट दुमडलेल्या नाहींत म्हणून मला पुन्हां करावयास लावल्या.